पंतप्रधानांनी हात वर केला, म्हणजे नक्की काय केलं?

२१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार. सिडनीच्या दक्षिण भागातल्या होरायझन चर्चमध्ये गाणं चालू आहे. लोक उभे राहून गात आहेत आणि त्यांच्यातच ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन आहेत. डोळे मिटलेले, एक हात सरळ वर, तळवा उघडा. शेजारी पत्नी जेनी. निवडणूक चार आठवड्यांवर आली होती आणि त्या दिवशी मॉरिसन यांनी पत्रकारांना कॅमेऱ्यांसकट आत येऊ दिलं होतं. तो फोटो देशभर गेला, देशाबाहेरही गेला.

पंतप्रधानाने चर्चमध्ये जाणं ऑस्ट्रेलियाला नवं नव्हतं. त्याच ईस्टरला विरोधी पक्षनेते बिल शॉर्टन ब्रिस्बेनमधल्या अँग्लिकन चर्चमध्ये सहकुटुंब गेले होते. त्यांच्या फोटोवर कुणी अडलं नाही. मॉरिसन यांच्या हातावर मात्र लोक अडले. कुणाला तो मतांसाठी मांडलेला देखावा वाटला, कुणाला ते दृश्य पाहून भीती वाटली, आणि कुणाला ‘अखेर आपला माणूस दिसला’ म्हणून भरून आलं.

दोघेही ख्रिस्ती, दोघेही प्रोटेस्टंट चर्चमध्ये बसलेले. मग एकाच्याच हाताची बातमी का झाली? हे नीट कळायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे ‘ख्रिश्चन’ या एका शब्दात सगळं गुंडाळलं जातं आणि मग कुठल्याही नेत्याच्या हावभावाचा भलताच अर्थ लावला जातो.

मी मराठी ख्रिस्ती घरात वाढले. आमचं घराणं नगरकडचं. आमच्या चर्चमध्ये उपासना पुस्तकातल्या क्रमाने होते. कधी उठायचं, कधी बसायचं, कधी ‘आमेन’ म्हणायचं, सगळं ठरलेलं. पेटी, तबला आणि नारायण वामन टिळकांची पदं. माझी मावशी लग्नानंतर पेंटेकॉस्टल मंडळीत जाऊ लागली. एकदा सुट्टीत आम्ही तिच्याकडे पुण्याला गेलो आणि रविवारी तिच्याबरोबर तिच्या मंडळीत गेलो. आई आणि मावशी शेजारी शेजारी उभ्या. गाणं चढत गेलं तसे मावशीचे दोन्ही हात वर गेले, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. आईने पदर दोन्ही खांद्यांवरून पुढे ओढला आणि हात पदराआड जुळवले. परतताना रिक्षात आई म्हणाली, “ताई, देवाला दिसत नाही का? हात वर करून कशाला दाखवायचं?” मावशी शांतपणे म्हणाली, “अगं, मी दाखवत नाही. मी घेते.”

त्या दिवशी मला हे वाक्य नीट कळलं नव्हतं. मॉरिसन यांचा फोटो पाहिला तेव्हा ते आठवलं. त्यांचं चर्चही पेंटेकॉस्टलच. पेंटेकॉस्टल माणसाचा वर गेलेला हात हा घेणारा हात असतो. पवित्र आत्मा आत्ता, या क्षणी, या सभागृहात आहे आणि तो माझ्यावर उतरतो आहे, ही त्यामागची श्रद्धा. माझ्या आईच्या चर्चमध्येही पवित्र आत्म्यावर तितकाच विश्वास आहे, पण तो बायबलच्या वचनातून, प्रभुभोजनातून म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीतून, मंडळीच्या शिस्तीतून काम करतो असं तिथे मानतात. हात वर केल्याने तो जास्त येतो किंवा न केल्याने कमी येतो, असं तिथे कुणाला वाटत नाही.

हा फरक कुठून आला?

प्रोटेस्टंट हा एक पंथ नाही. १५१७ साली मार्टिन ल्युथरने रोमच्या चर्चविरुद्ध आवाज उठवला आणि त्यानंतर जी मंडळी रोमपासून वेगळी झाली त्या सगळ्यांचं मिळून हे नाव. त्यांचं आपसात पटलं असं मात्र झालं नाही. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या मारबुर्गच्या गढीत ल्युथर आणि झुरिकचा सुधारक झ्विंगली समोरासमोर बसले. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधराव्यावर सगळं फिसकटलं. प्रश्न होता प्रभुभोजनाचा. शेवटच्या रात्री येशूने भाकर मोडून “हे माझे शरीर आहे” असं म्हटलं, त्यातल्या ‘आहे’ या शब्दाचा अर्थ काय? झ्विंगली म्हणत होता की भाकर ही खूण आहे, आठवण आहे. ल्युथरने टेबलावर खडूने ती लॅटिन ओळ लिहून ठेवली होती आणि त्या ‘आहे’वरून तो तसूभरही हलायला तयार नव्हता. ख्रिस्त तिथे खरोखर आहे, असं त्याचं म्हणणं.

एका क्रियापदावरून दोन चर्च कशी वेगळी होतात, असं बाहेरच्याला वाटू शकतं. पण भाकरीत ख्रिस्त खरोखर असेल तर माणूस तिच्यापुढे वेगळा वागणार आणि ती आठवण असेल तर वेगळा. शरीराची ठेवणच बदलते. गुडघे टेकायचे की बसून घ्यायचं, डोकं झुकवायचं की ताट शेजाऱ्याकडे सरकवायचं, हे सगळं त्या ‘आहे’वर ठरतं.

गुडघ्यांवरून तर राजकारण पेटलं आहे. इंग्लंडच्या चर्चने, म्हणजे अँग्लिकनांनी, रोमशी नातं तोडलं पण बिशप ठेवले, ठरावीक प्रार्थना ठेवल्या आणि प्रभुभोजन गुडघे टेकून घेण्याची रीत ठेवली. स्कॉटलंडमधले सुधारक जिनिव्हाच्या कॅल्व्हिन या सुधारकाच्या शिकवणीतले. त्यांनी बिशप नाकारले आणि कारभार ‘वडील’ म्हणजे निवडलेल्या ज्येष्ठांच्या सभेकडे दिला. त्यावरूनच प्रेसबिटेरियन हे नाव. शिष्य येशूबरोबर मेजाभोवती बसले होते, म्हणून आम्हीही बसून घेणार, असं त्यांचं म्हणणं. भाकरीपुढे गुडघे टेकणं त्यांना मूर्तिपूजेसारखं वाटे. मग दोन्ही देशांचा राजा झालेल्या जेम्सने १६१८ मध्ये पर्थ इथे भरलेल्या सभेकडून स्कॉटलंडसाठी पाच नियम मंजूर करून घेतले. त्यातला एक नियम प्रभुभोजन गुडघे टेकून घ्यावं असा होता. असंख्य स्कॉट लोकांनी तो पाळला नाही. राजाला दोन्ही राज्यांत एकच रीत हवी होती आणि लोकांना आपल्या देवघरात राजाचा हुकूम नको होता. नेता, सत्ता आणि शरीराची एक साधी हालचाल यांची गाठ तेव्हापासूनची आहे.

दुसरा मोठा वाद पाण्याचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा, माणसाला पाण्याने मंडळीत सामील करून घेण्याच्या विधीचा. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की माणूस मोठा होऊन स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करेल तेव्हा द्यायचा? ल्युथरन, अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, मेथडिस्ट बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल म्हणतात, बाळाला काय कळतं? विश्वास धरणाऱ्यालाच बाप्तिस्मा, आणि तोही पूर्ण बुडवून. झुरिकमध्ये हे पहिल्यांदा बोलणाऱ्यांपैकी फेलिक्स मान्झ याला १५२७ च्या जानेवारीत शहराच्या प्रोटेस्टंट सत्तेनेच लिम्माट नदीत बुडवून मारलं. पुन्हा बाप्तिस्मा देतो म्हणून पाण्याचीच शिक्षा. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

मेथडिस्ट हे अँग्लिकनांच्या घरातूनच निघाले. जॉन वेस्ली स्वतः मरेपर्यंत अँग्लिकन पाळक होता, पण १७३८ साली लंडनमधल्या एका सभेत आपलं हृदय विलक्षण उबदार झालं असं त्याने लिहून ठेवलं, आणि तिथून पुढे धर्म फक्त डोक्याने मानायचा नाही, तो मनाला जाणवला पाहिजे, ही धारा वाहती झाली. त्याच धारेच्या पुढच्या वळणावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंटेकॉस्टल उभे राहिले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पन्नासाव्या दिवशी शिष्यांवर आत्मा उतरल्याची आणि ते अन्य भाषांत बोलू लागल्याची हकिगत आहे. बाकीच्यांच्या मते ती तेव्हाची घटना. पेंटेकॉस्टल म्हणतात, ती आजही घडते.

या गोष्टीत एक पान आपल्या पुणे जिल्ह्यातलं आहे, आणि ते फार कमी मराठी लोकांना ठाऊक आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन चर्चमध्ये. पण तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे खटके उडत राहिले. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, माझी संस्कृत का नको, इथपर्यंत त्यांनी वाद घातला. बिशपांनी काही सांगितलं म्हणून गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढे केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभारलं. विधवा, दुष्काळात वाचलेल्या मुली, कुणी नसलेल्या बायका यांचं ते घर. परदेशातल्या धर्मजागृतीच्या बातम्या ऐकून रमाबाईंनी मुलगी मनोरमा आणि सहकारी मिनी अब्राम्स यांना थेट ऑस्ट्रेलियात पाठवलं होतं, तिथे काय घडतं आहे ते पाहून या म्हणून. आणि १९०५ च्या जूनअखेर केडगावच्या मुलींमध्येच ती जागृती उसळली. मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, अंगातून आग जाते आहे असं सांगू लागल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या ज्या सभांपासून पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास सांगायची पद्धत आहे, त्या सुरू झाल्या १९०६ च्या एप्रिलमध्ये. केडगाव त्याआधीचं. मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीच्या हाती पडली आणि तिथल्या मेथडिस्टांमधून पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली.

म्हणून कुणी ‘हात वर करून गाणं हे अमेरिकन खूळ आहे’ असं म्हटलं की मला राहवत नाही. त्या हातांपैकी काही हात मराठी मुलींचे होते. आणि हात वर करून प्रार्थना करणं तर त्याहून कितीतरी जुनं. बायबलमधल्या पौलाच्या पत्रात त्याचा उल्लेख आहे, रोमच्या भुयारी दफनभूमीतल्या भिंतींवर हात पसरून प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती माणसांची चित्रं आहेत.

आता मॉरिसन यांच्याकडे परत येऊ. ऑस्ट्रेलियात पहिली पेंटेकॉस्टल मंडळी १९०९ मध्ये मेलबर्नला उभी राहिली आणि ती एका बाईने, सारा जेन लँकेस्टर यांनी, उभी केली. त्याही मूळच्या मेथडिस्ट. तरी शंभर वर्षं हा पंथ तिथल्या सार्वजनिक जीवनाच्या कडेलाच राहिला. देशाची सवय होती ती अँग्लिकन, कॅथॉलिक आणि प्रेसबिटेरियन नेत्यांची, म्हणजे बाकावर बसून, हातात पुस्तक धरून, मान थोडी खाली घातलेल्या नेत्यांची. मॉरिसन स्वतः लहानपणी युनायटिंग चर्चमध्ये वाढले, म्हणजे १९७७ मध्ये मेथडिस्ट, काँग्रिगेशनल (ज्यांच्यात प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते) आणि बरेचसे प्रेसबिटेरियन एकत्र येऊन झालेल्या चर्चमध्ये. मोठेपणी ते पेंटेकॉस्टल झाले आणि २०१८ मध्ये देशाचे पहिले पेंटेकॉस्टल पंतप्रधान. लोक दचकले ते हाताला नव्हे. ज्या पंथाची भाषा त्यांना वाचता येत नव्हती, तो पंथ अचानक सर्वोच्च पदावर दिसला, याला ते दचकले.

१८ मे २०१९ च्या रात्री, सगळ्या जनमत चाचण्या विरोधात असताना, मॉरिसन जिंकले. भाषणाच्या सुरुवातीलाच ते म्हणाले की माझा चमत्कारांवर नेहमीच विश्वास आहे. कुणी ते बोलायची पद्धत म्हणून ऐकलं. त्यांच्या मंडळीतल्यांनी ते अक्षरशः ऐकलं.

हात वर करण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती दुसऱ्या हातांबद्दल.

२०२० च्या जानेवारीत वणव्यांनी होरपळलेल्या कोबार्गो गावात मॉरिसन गेले. तिथल्या एका बाईने हात पुढे केला नाही, अग्निशमन दलाला आधी पैसे द्या असं सांगितलं. मॉरिसन यांनी तिचा हात स्वतःच उचलून हातात घेतला. ते चित्रीकरण जगभर पाहिलं गेलं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये गोल्ड कोस्टला पेंटेकॉस्टल मंडळींच्या राष्ट्रीय परिषदेत बोलताना त्यांनी सांगितलं की आपत्तीनंतरच्या निवारा केंद्रांमध्ये मी लोकांना नुसती मिठी मारतो आहे असं वाटत होतं, पण मी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करत होतो. हेही चित्रीकरण बाहेर आलं.

‘हात ठेवणं’ हा साधा शब्द नाही. नव्या करारात प्रेषित हात ठेवून आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात, हात ठेवून सेवक नेमतात, हात ठेवल्यावर आत्मा उतरतो. सगळे पंथ ही कृती मानतात, पण ती कुणी करायची याबाबत त्यांचं पटत नाही. अँग्लिकन चर्चमध्ये दृढीकरणाच्या वेळी, म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी होऊन विश्वास स्वतः कबूल करतात तेव्हा, मुलामुलींच्या डोक्यावर हात ठेवतो तो बिशप. पाळकाची दीक्षाही बिशपच्या हाताखालीच होते. प्रेषितांपासून हातोहात चालत आलेली ती परंपरा आहे, अशी त्यांची धारणा. प्रेसबिटेरियनांत बिशप नाही, तिथे ज्येष्ठ आणि पाळकांची सभा मिळून नव्या पाळकावर हात ठेवते, म्हणजे अधिकार एका माणसाकडे नाही. पेंटेकॉस्टलांच्या मते ज्याच्यात आत्मा आहे असा कुणीही विश्वासणारा हात ठेवू शकतो. माझी मावशी ताप आलेल्या शेजारच्या मुलावर हात ठेवते तेव्हा ती पाळकाची परवानगी विचारत नाही.

पण एक गोष्ट मावशी नेहमी करते. आधी विचारते. “प्रार्थना करू का रे बाळा?” मुलाची आई मान हलवते, मग हात ठेवते. हा त्या पंथातलाही शिष्टाचार आहे. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याला ती हवी असली पाहिजे. निवारा केंद्रात घर गमावून बसलेल्या माणसाला देशाचा पंतप्रधान मिठी मारतो, त्या माणसाचा धर्म कुठला, त्याला हे हवं आहे का, हे कुणी विचारलेलं नाही. आपल्यावर हात ठेवला गेला होता हे त्याला वर्षभराने बातम्यांतून कळणार. मॉरिसन यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. उलट ती खरी होती म्हणूनच त्यांनी ते सांगून टाकलं. पण सत्ता हातात असलेल्या माणसाने न विचारता केलेली प्रार्थना मला खटकते, आणि ती तितकीच खटकली असती जर तो अँग्लिकन असता.

पंथांतला फरक न जाणता केलेल्या कृतीने काय होतं याचं एक उदाहरण अमेरिकेचं. २९ मार्च १९९८ ला बिल क्लिंटन दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात सोवेटोमधल्या रेजिना मुंडी या कॅथॉलिक चर्चमध्ये गेले आणि पत्नीसह त्यांनी तिथलं पवित्र भोजन घेतलं. क्लिंटन बॅप्टिस्ट, हिलरी मेथडिस्ट. मेथडिस्टांत मेज सर्वांना खुलं असतं. बॅप्टिस्टांसाठी ती आठवण, झ्विंगलीच्या बाजूची. पाहुणा म्हणून गेलात आणि यजमानाने भाकर पुढे केली तर नाही कसं म्हणायचं? पण कॅथॉलिक शिकवणीत त्या भाकरीत ख्रिस्त प्रत्यक्ष आहे, आणि ती घेणं म्हणजे ‘तुमचा हा विश्वास मलाही मान्य आहे’ असं जाहीर करणं. आठवड्याभरात न्यूयॉर्कचे कार्डिनल ओकॉनर यांनी भर उपासनेत त्यावर टीका केली. तिथल्या बिशपांकडून आम्हाला होकार होता, असं व्हाइट हाउसने सांगितलं. हेतू सलोख्याचा होता यात मला शंका नाही. पण मारबुर्गच्या टेबलावरचा तो खडूचा शब्द साडेचारशेहून अधिक वर्षांनी सोवेटोत पुन्हा आडवा आला.

डोनाल्ड ट्रम्प यांचं प्रकरण वेगळं आहे. १ जून २०२० ला, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरची निदर्शनं चालू असताना, वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकातली गर्दी बळाने हटवली गेली आणि ट्रम्प चालत सेंट जॉन्स चर्चसमोर गेले. हातातलं बायबल त्यांनी उंच धरलं. हे तुमचं बायबल का, असं विचारल्यावर “एक बायबल आहे” एवढंच ते म्हणाले. प्रार्थना केली नाही, पुस्तक उघडलं नाही.

सेंट जॉन्स हे एपिस्कोपल चर्च, म्हणजे अमेरिकेतले अँग्लिकन. ट्रम्प वाढले प्रेसबिटेरियन; त्यांची आई स्कॉटलंडच्या लुईस बेटावरची. त्याच वर्षी पुढे त्यांनी आपण कुठल्याच पंथाचे नसलेले ख्रिस्ती आहोत असं सांगितलं. आणि हावभाव होता तिसऱ्यांसाठी, म्हणजे इव्हँजेलिकल मतदारांसाठी. इव्हँजेलिकल हा एक पंथ नाही, तो बॅप्टिस्टांपासून पेंटेकॉस्टलांपर्यंत अनेक पंथांतून वाहणारा प्रवाह आहे. वचनाचा अधिकार सर्वांत वर, ही त्याची ओळख. त्यामुळे हातात उंच धरलेलं बायबल ही त्यांच्या प्रचारकाची ओळखीची मुद्रा आहे. ज्या चर्चसमोर ते उभे होते तिथेही पुस्तक उंच धरतात. उपासनेत शुभवर्तमानाचं, म्हणजे येशूच्या चरित्राचं पुस्तक उचलून लोकांमध्ये आणतात, सगळे उठून उभे राहतात. पण तिथे ते आणतात वाचायला. पुस्तक उंच धरलं आणि वाचलंच नाही, हे एपिस्कोपल माणसाला अर्धवट तोडलेल्या वाक्यासारखं वाटतं. तिथल्या बिशप मेरिअन बडी संतापल्या त्यामागे राजकारण होतंच, चर्चला न कळवता हे केलं याचाही राग होता, पण या तुटलेल्या वाक्याची वेदनाही होती असं मला वाटतं.

ट्रम्प यांच्या बाबतीत एक अन्यायही झाला, तोही सांगते. जानेवारी २०१६ मध्ये बॅप्टिस्टांच्या लिबर्टी विद्यापीठात त्यांनी ‘करिंथकरांस दुसरे पत्र’ याचा उल्लेख ‘टू करिंथियन्स’ असा केला आणि लोक हसले, कारण अमेरिकेत ‘सेकंड’ म्हणतात. ब्रिटनमध्ये मात्र ‘टू’ म्हणणं सर्रास चालतं. बायबल किती वाचलं आहे हे त्यावरून ठरत नाही.

आणि एक हावभाव मी पुन्हा पुन्हा पाहते. २६ जून २०१५, अमेरिकेतलं चार्ल्सटन. इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल अभ्यासाला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घालून मारलं होतं. त्यांतलेच एक, पाळक क्लेमेंटा पिंकनी, यांच्या अंत्यविधीला बराक ओबामा बोलत होते. मागे जांभळ्या झग्यांतले बिशप. बोलता बोलता ओबामा थांबले. खाली पाहिलं. बराच वेळ काहीच नाही. मग त्यांनी एकट्याने ‘अमेझिंग ग्रेस’ची पहिली ओळ धरली. मागचे बिशप हसत उठले, ऑर्गन त्यांच्या सुराला येऊन मिळाला, सभागृह उभं राहिलं.

ते चर्च एएमई, म्हणजे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल. त्याचा जन्मच एका हावभावातून झाला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना मध्येच ओढून उठवलं गेलं, जागा गोऱ्यांची म्हणून. रिचर्ड ॲलन आणि त्याचे सोबती चर्च सोडून निघाले आणि १८१६ मध्ये त्यांनी स्वतःचा पंथ उभा केला. त्या परंपरेत वक्ता बोलतो आणि लोक उत्तर देतात, शब्द अपुरे पडले की गाणं येतं. ओबामा त्या पंथाचे नव्हते. शिकागोत ते ज्या चर्चचे सदस्य होते ते युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमधलं, म्हणजे काँग्रिगेशनल वंशाचं, पण तिथेही उपासना याच कृष्णवर्णीय परंपरेची. त्यांना तो क्षण वाचता आला, कारण ती भाषा त्यांच्या कानात होती.

त्याच काँग्रिगेशनल अमेरिकनांचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पोचले. स्कॉटिश प्रेसबिटेरियन कोकणात आणि मुंबईत आले, अँग्लिकन नाशिककडे. कुठल्या मराठी घराने कुठला पंथ धरला हे बहुतेक वेळा त्या तालुक्यात आधी कोण पोचलं यावर ठरलं. झुरिक आणि पर्थचे वाद शेवगाव-राहुरीच्या शेतकऱ्याचे कधीच नव्हते. म्हणूनच २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा त्यांनी बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा, दोन्ही मान्य केले. ज्यावरून मान्झला बुडवलं गेलं तो प्रश्न नागपुरात सामंजस्याने सुटला. आई ज्या चर्चमध्ये पदराआड हात जुळवते ते हेच.

मॉरिसन २१ मे २०२२ ला निवडणूक हरले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते पुन्हा होरायझन चर्चमध्ये गेले, या वेळी मंचावर उभे राहून मंडळीशी बोलले आणि जुन्या करारातल्या हबक्कूकच्या पुस्तकातला शेवटचा भाग वाचला. अंजिराला फूल आलं नाही, वेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असा तो भाग. वाचताना त्यांचा आवाज फुटला. मावशीला मी तो व्हिडिओ दाखवला. तिला ऑस्ट्रेलियाचं राजकारण ठाऊक नाही. तिने तो पूर्ण पाहिला आणि म्हणाली, “हबक्कूक, तिसरा अध्याय. हरलेल्या माणसाने हेच वाचायचं असतं.”